नारळी पौर्णिमेला बोटीवर लायटिंग करताय? आधी वीज कुठून घेणार ते ठरवा

श्रावण लागला की हर्णै, मिरकरवाडा, जयगड, साखरी नाटे अशा बंदरांत बोटींची डागडुजी आणि रंगकाम सुरू होते. नारळी पौर्णिमेला बोटीची पूजा करायची, दर्याला नारळ द्यायचा आणि हंगामाला लागायचे. पूर्वी पताका, आंब्याचे डहाळे, झेंडूच्या माळा आणि डोलकाठीवर नवा झेंडा एवढ्यात बोट सजायची. आता लायटिंगशिवाय पोरांना चैन पडत नाही. पुढे गणपती विसर्जन, दसरा, दिवाळी, शिमगा असे निमित्त मिळतच जाते. गोव्यात साखळीजवळ विठ्ठलापूरला तर त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटी नदीत सजवलेल्या नौकांचा उत्सवच भरतो.

घरावर माळ सोडणे आणि बोटीवर माळ सोडणे यात मात्र मोठा फरक आहे. घरात माणूस चप्पल घालून कोरड्या फरशीवर उभा असतो. बोटीवर तो अनवाणी, ओल्या फळीवर, खाऱ्या पाण्याने चिंब हातांनी काम करतो. वर श्रावणसरी चालूच. मिठाचे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे आणि ओली कातडी विजेला फारसा अडथळा करत नाही. घरात जो झटका ‘चटका बसला’ म्हणून सोडून दिला जातो, तोच बोटीवर जीव घेऊ शकतो. नाहीच घेतला तरी दचकून माणूस पाण्यात पडतो.

दिवा 3 व्होल्टचा, माळ 230 व्होल्टची

बाजारात मिळणारी स्वस्त एलईडी माळ हा सगळ्यात मोठा फसवा प्रकार. त्यातला एकेक दिवा जेमतेम 3 व्होल्टचा असतो, म्हणून ‘एवढ्याशा दिव्याने काय होणार’ असे वाटते. पण हे दिवे एकामागून एक ओवून सगळी माळ थेट 230 व्होल्टच्या प्लगला लावलेली असते. मध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. कुठे तार सोलली, दिवा निखळला किंवा जोड उघडा पडला, की त्या जागी हात लावणाऱ्याला घरातल्या सॉकेटमध्ये बोट घातल्यासारखा शॉक बसतो. तार केसासारखी बारीक, वरचे प्लास्टिक पातळ. डोलकाठीच्या दोराला घासून ते एका रात्रीत फाटते.

पिनवर दोन सळ्या आणि पुढे थेट तार, अशी माळ असेल तर ती बोटीवर नेऊच नये. तिला चिकटपट्टी गुंडाळूनही ती बोटीसाठी योग्य होत नाही. घराच्या ओटीवर खुशाल लावा.

बोटीसाठी 12 व्होल्टची एलईडी पट्टी किंवा 5 व्होल्टची यूएसबी माळ घ्यावी. 12 व्होल्टला ओल्या हातानेही सहसा जीवघेणा शॉक बसत नाही. आग मात्र लागू शकते, त्याबद्दल पुढे येईलच.

जेटीवरून वायर ओढण्याचा मोह

जेटीवरच्या खांबावर आकडा टाकून किंवा जवळच्या टपरीतून एक्स्टेंशन ओढून बोट उजळवण्याचा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. आकडा टाकणे ही वीज कायदा 2003 प्रमाणे वीजचोरी आहे, हा भाग वेगळा. खरा धोका समुद्राचा आहे. नारळी पौर्णिमा म्हणजे पौर्णिमा, आणि पौर्णिमेला उधाणाची भरती. भरती-ओहोटीच्या फरकाने बोट जेटीच्या तुलनेत माणूसभर वर-खाली होते. भरतीला सैल दिसणारी वायर ओहोटीला ताणते, प्लग निसटतो आणि चालू सॉकेट पाण्यात लोंबकळते. नाहीतर वायर बोट आणि जेटी यांच्यामध्ये चिरडते.

खाडीच्या वरच्या अंगाला, नदीत किंवा धरणात पाणी गोडे असते. तिथे धोका आणखी वाढतो. खाऱ्या पाण्यात गळालेली वीज बरीचशी पाण्यातूनच निघून जाते. गोड्या पाण्यापेक्षा माणसाचे शरीर चांगले वाहक असते, म्हणून पोहणाऱ्याच्या अंगातून ती वाट काढते. हातपाय आखडतात आणि चांगला पोहणाराही बुडतो. विसर्जनाला लायटिंगच्या तराफ्याभोवती पोरे पाण्यात उतरतात, तेव्हा तराफ्यावर 230 व्होल्ट असताच कामा नये. पाण्यात मुंग्या आल्यासारखे झाले तर तराफ्याकडे किंवा लोखंडी शिडीकडे न जाता दूर जावे आणि ‘लाइट बंद करा’ म्हणून ओरडावे.

जेटीवरूनच वीज घ्यायची असेल तर महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी आणि काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावे. किनाऱ्याच्या बाजूला 30 मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी असलाच पाहिजे. हा स्विच गळणारी वीज ओळखून क्षणात पडतो. साधा एमसीबी ते काम करत नाही, तो फक्त जादा लोड आणि शॉर्ट सर्किट पाहतो.

जनरेटर आणि इन्व्हर्टर

हर्णैसारख्या ठिकाणी बोटी पाण्यात नांगरून असतात, वायर पोचतच नाही. मग भाड्याचा पेट्रोल जनरेटर चढवला जातो. तो चढवायचाच असेल तर उघड्या डेकवर, धूर वाऱ्याबरोबर बोटीबाहेर जाईल असा ठेवावा. केबिनमध्ये किंवा खणात कधीही नाही, पाऊस आला तरी नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके जड होते, झोप येते आणि आत झोपलेला खलाशी उठत नाही.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. सांडलेल्या पेट्रोलची वाफ उडून न जाता बोटीच्या तळाला साचते आणि एखाद्या ठिणगीची वाट पाहते. चालू जनरेटरमध्ये पेट्रोल ओतू नये, बंद करून थंड होऊ द्यावे.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. अनेक लहान जनरेटरमध्ये न्यूट्रल अर्थला जोडलेली नसते. अशा जनरेटरला आरसीसीबी लावला तरी पहिल्या गळतीला तो पडत नाही. पेटी बसवली म्हणून निर्धास्त होऊ नये, वायरमनकडून खात्री करून घ्यावी.

घरातला इन्व्हर्टर उचलून बोटीवर नेणारेही आहेत. इन्व्हर्टरमधून बाहेर पडते ती 230 व्होल्टच वीज, धोका तोच. आणि गंमत अशी, की 12 व्होल्टच्या बॅटरीतून 230 करायचे, मग अ‍ॅडॉप्टर लावून पुन्हा 12 करायचे. दोन्ही वेळा थोडी वीज फुकट जाते.

वेगळी बॅटरी: खर्च थोडा, डोकेदुखी कमी

सगळ्यात बरा मार्ग म्हणजे सजावटीसाठी स्वतंत्र 12 व्होल्टची बॅटरी. ती घरी नाहीतर गॅरेजमध्ये चार्ज करून आणायची आणि सकाळी परत न्यायची. इंजिनाच्या बॅटरीला हात लावायचा नाही.

इंजिनाच्या बॅटरीवर माळा लावल्या तर रात्री बोट झगमगते आणि पहाटे सेल्फ मारला की नुसते ‘टक’ वाजते. बोट बंदरात बांधलेली असेल तर हसण्यावारी नेता येते. खाडीच्या तोंडाशी, ओहोटीच्या ओढीत, बायकामुले बोटीवर असताना इंजिन बंद पडले आणि पुन्हा चालू झाले नाही, तर बोट खडकावर जाते. वायरलेस सेट आणि मार्गदिवेही त्याच बॅटरीवर असतात.

बॅटरी केवढी लागेल, हा हिशेब सोपा आहे. बारीक एलईडीची पट्टी, मीटरला 60 दिवे असलेली, मीटरमागे साधारण 4.8 वॉट खाते. 5 मीटरचे एक बंडल म्हणजे 24 वॉट. मध्यम बोटीच्या दोन्ही काठांना आणि केबिनला मिळून चार बंडले धरली तर 96 वॉट. त्याला 12 ने भागले की 8 अ‍ॅम्पिअर. संध्याकाळी सात ते रात्री बारा, म्हणजे पाच तास चालवले तर 40 अ‍ॅम्पिअर-तास, बॅटरीवर ‘एएच’ लिहिलेले असते ते. ट्रॅक्टर-ट्रकची अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवली तर लवकर खराब होते. म्हणून 80 एएचच्या वरची घ्यावी, 100 ची उत्तम.

जाड, चौकोनी दिव्यांची पट्टी घेतली तर तोच हिशेब तिप्पट होतो. ती मीटरला 14.4 वॉटपर्यंत जाते. चार बंडलांना 24 अ‍ॅम्पिअर, पाच तासांना 120 एएच, म्हणजे दोन मोठ्या बॅटऱ्या. दुकानात ‘जास्त उजेड’ म्हणून हीच पट्टी गळ्यात मारली जाते. काळोख्या समुद्रात बारीक पट्टीही लांबून छान दिसते.

मोठ्या ट्रॉलरवर दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. तिथे 12 व्होल्टची पट्टी थेट लावली तर जळते. म्हणून काही जण दोनपैकी एकाच बॅटरीवरून तार घेतात. माळ पेटते खरी, पण एक बॅटरी उपाशी राहते आणि दुसरी चार्जिंगच्या वेळी जादा खाते. काही दिवसांत जोडी बिघडते. तिथे 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर लावावा, नाहीतर सरळ वेगळी बॅटरी.

छोट्या होडीला तर एवढाही व्याप नको. तांब्याच्या तारेची यूएसबी माळ 3 ते 5 वॉट खाते. मोबाईलची 20000 एमएएचची पॉवर बँक ती रात्रभर, म्हणजे दहाएक तास चालवते. पॉवर बँक प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली की झाले.

शॉक नाही, पण आग आहे

चार्ज असलेल्या बॅटरीच्या दोन टोकांत तार शॉर्ट झाली तर शेकडो अ‍ॅम्पिअर वाहतात. तार लालबुंद होते, तिच्याखालचे फायबर पेट घेते. म्हणून पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवा. 8 अ‍ॅम्पिअरच्या लोडला 10 चा फ्यूज पुरतो. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी तार गुंडाळणाऱ्याने आधी तो का उडाला ते शोधावे.

तार जाड घ्यावी. 8 अ‍ॅम्पिअर 15 मीटर लांब न्यायचे असतील तर दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत जाऊन-येऊन जवळपास 3 व्होल्ट वाटेतच संपतात आणि नाळेकडचे दिवे मिणमिणतात. 4 चौरस मिलिमीटरची तार घेतली तर एक व्होल्टच्या आसपास जातो. एका बंडलाच्या शेपटीला दुसरे, दुसऱ्याला तिसरे असे जोडत जाऊ नये. प्रत्येक बंडलाला मुख्य तारेवरून वेगळी जोडणी द्यावी.

निगेटिव्हसाठी परतीची तार ओढावी. मोटारसायकलसारखी इंजिनाच्या बॉडीला टाचली तर गळणारी वीज पाण्यातल्या धातूतून वाट काढते आणि पंखा, शाफ्ट खायला लागते. हे नुकसान पौर्णिमेला दिसत नाही. बोट पुढच्या वेळी वर ओढल्यावर दिसते.

बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. बंद खणात ती ठेवून वर माळांची तार टोकाला घासून ‘पेटते का’ बघू नये. आधी सगळ्या जोडण्या करायच्या, स्विच बंद ठेवून शेवटी बॅटरी जोडायची. काढताना स्विच आधी बंद. बॅटरी पट्ट्याने बांधून ठेवावी, लाटेला कलंडली तर अ‍ॅसिड सांडते.

खारी हवा आणि जोड

पट्टीच्या खोक्यावर आयपी 65 लिहिलेले असेल तर ती पाण्याचे फवारे सोसते. आयपी 67 असेल तर एक मीटरपर्यंत पाण्यात अर्धा तास बुडाली तरी टिकते. पण पट्टी कापली, की कापलेल्या टोकाला हा आकडा लागू राहत नाही. ते टोक सिलिकॉनने बंद करावे लागते. त्यातही लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन नको, ते तांबे खाते. दुकानात न्यूट्रल सिलिकॉन मागावे.

नुसती काळी चिकटपट्टी खाऱ्या हवेत दोन दिवसांत सुटते आणि आत हिरवी पूड जमते. जोड सोल्डर करून किंवा दाबून त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवावी. जोड उंचावर ठेवावेत. डब्यात जाणारी तार खालून आत जावी आणि त्याआधी तिला थोडा झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून ओघळून झोळातून खाली टपकते, डब्यात शिरत नाही.

तारा बांधायला बाइंडिंगची तार नको, प्लास्टिकचे टाय वापरावेत. कागदी पताका आणि झिरमिळ्या दिव्यांना चिकटवू नयेत. थर्माकोलच्या सजावटीवर 2018 पासून राज्यात बंदी आहेच.

तांडेलाला दिसले पाहिजे, इतरांना कळले पाहिजे

बंदरात नांगरलेली बोट कशीही झगमगवा. बोट चालवायची असेल तर गोष्ट बदलते. रात्री समोरून येणारी बोट कोणत्या दिशेने जाते आहे, हे तिच्या डाव्या बाजूच्या लाल आणि उजव्या बाजूच्या हिरव्या दिव्यावरून कळते. मागे पांढरा, डोलकाठीवर पांढरा. ट्रॉल ओढणारी बोट हिरव्याखाली पांढरा आणि इतर जाळी लावलेली बोट लालखाली पांढरा दिवा दाखवते. समुद्रातल्या टकरी टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत हे ठरलेले आहे. या दिव्यांशी गल्लत होईल किंवा ते झाकले जातील असा दुसरा दिवा सूर्यास्त ते सूर्योदय लावू नये, असेही त्याच नियमांत आहे.

म्हणून चालत्या बोटीवर लाल-हिरव्या आणि लुकलुकणाऱ्या माळा नकोत. पिवळसर किंवा जांभळा एकच रंग, स्थिर, आणि मार्गदिव्यांपासून दूर. डोलकाठीला माळ गुंडाळताना वरचा पांढरा दिवा मोकळा सोडावा.

केबिनच्या काचेसमोर माळ लावली की तांडेलाच्या डोळ्यांवर उजेड येतो आणि पुढचा काळोख आणखी काळा होतो. त्या काळोखात दिवा नसलेली एखादी छोटी होडी असते, गरी टाकून बसलेला म्हातारा असतो. पट्टी काठाच्या बाहेरच्या अंगाला, काचेच्या खालच्या पातळीवर लावावी. सगळी लायटिंग एका झटक्यात बंद करणारा स्विच तांडेलाच्या हाताशी असावा.

वायरलेसचेही पाहावे. स्वस्त एलईडीचे ड्रायव्हर आणि रंग बदलणारे कंट्रोलर व्हीएचएफ सेटमध्ये खरखर निर्माण करतात, इतकी की हाक ऐकूच येत नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने 2018 मध्ये याबद्दल खास इशारा दिला होता. तपासणी सोपी आहे. लायटिंग बंद ठेवून शांत चॅनलवर स्क्वेल्चचे बटण खरखर जेमतेम थांबेल इथपर्यंत फिरवायचे. मग लायटिंग लावायची. खरखर परत आली तर ती माळ बोटीवर नको. संकटाची हाक 16 नंबरवर येते, तो चॅनल ऐकू आलाच पाहिजे.

एलईडी लावून मासेमारी करण्यावर केंद्र सरकारने 2017 मध्ये बंदी घातली आहे आणि राज्याच्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात 2021 च्या दुरुस्तीने दंड लाखांच्या घरात गेला आहे. बंदी मासे गोळा करणाऱ्या प्रकाशझोतांवर आहे, पूजेच्या माळेवर नाही. पण रात्री खोल समुद्रात जनरेटर आणि फोकस घेऊन फिरणारी बोट गस्तीला संशयास्पद दिसणारच. मिरवणूक बंदराच्या आसपास ठेवावी आणि मत्स्य परवाना अधिकारी व सागरी पोलिसांना आधी कळवावे. त्या दिवशी बोटीवर एरवी न येणारी माणसेही येतात. डोकी मोजून घ्यावीत आणि जेवढी डोकी तेवढी लाइफ जॅकेट असावीत.

काही घडलेच तर

शॉक लागून चिकटलेल्या माणसाला हात लावू नये. आधी वीज तोडावी, जनरेटर बंद करावा. लाकडाने ढकलतात, पण ओले लाकूड भरवशाचे नाही. माणूस सुटल्यावर श्वास नसेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी मिनिटाला 100 ते 120 वेळा, सुमारे 5 सेंटिमीटर खोल दाब देत राहावे आणि दुसऱ्याने 108 किंवा 112 ला फोन लावावा. समुद्रात असाल तर तटरक्षक दल 1554 आणि सागरी पोलीस 1093. आग विजेची किंवा पेट्रोलची असेल तर पाणी मारू नये. पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवावा, तोही केबिनच्या दाराजवळ, इंजिनाच्या खणात नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या माळा उतरवाव्यात. ‘गणपतीला लागतीलच’ म्हणून त्या तशाच सोडल्या जातात आणि पहिल्या फेरीतच जाळ्यात अडकून तुटतात. उघडी टोके मग बॅटरीला जोडलेलीच राहतात. तारा गोड्या पाण्याने पुसून, सावलीत वाळवून, गुंडाळून डब्यात ठेवाव्यात. बॅटरी त्याच दिवशी पुन्हा पूर्ण चार्ज करावी.